गेमचे सेव्ह दुसऱ्या ड्राइव्हवर नेताना क्रम चुकवू नका

मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. तेव्हापासून कोल्हापुरात माझ्या ओळखीतला जो तो पीसीवर नवं विंडोज टाकून घेतोय, आणि एक वाक्य वारंवार कानावर येतं: "गेम सगळे डी ड्राइव्हला आहेत, सी बिनधास्त फॉरमॅट मार." फॉरमॅट मारला जातो. गेम खरंच जागेवर असतो, पण सुरू केला की समोर 'न्यू गेम'. आधीचं काहीच नाही.

राजारामपुरीतल्या दोन भावांनी माइनक्राफ्टमध्ये रंकाळा आणि शालिनी पॅलेस बांधत आणला होता. तीन वर्षांचं काम. पीसी एका दुकानातून नवा होऊन आला, तेव्हा ते जग गेलेलं होतं. ते परत आणायला मला बोलावलं होतं आणि मला ते जमलं नाही. तेव्हापासून मी ज्याला त्याला हे समजावत आलोय. आता सगळं एकदा लिहूनच ठेवतो.

आधी हे पक्कं करा की गेम आणि गेमचा सेव्ह, म्हणजे तुम्ही कुठवर खेळलात याची साठवलेली नोंद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक वेळा त्या वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. गेम तुम्ही डी ड्राइव्हवर टाकला तरी सेव्ह बहुधा सी ड्राइव्हवर, तुमच्या यूजर फोल्डरच्या पोटात जातो. स्टीममधून, म्हणजे गेम विकत घ्यायच्या आणि चालवायच्या अ‍ॅपमधून, गेम दुसऱ्या ड्राइव्हवर 'मूव्ह' केला तरीही सेव्ह जिथे होता तिथेच राहतो.

## हलवायची गरज आहे का?

सी ड्राइव्ह भरून लाल झालाय म्हणून सेव्ह हलवत असाल तर थांबा. बहुतेक गेमचे सेव्ह काही एमबीचे असतात, फार तर काहीशे एमबी. त्यानं जागा मोकळी होत नाही आणि गेमचा वेगही वाढत नाही. जागा हवी असेल तर गेमच हलवा. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' आहे, तिथून ते होतं. मोठमोठी जगं साठवणाऱ्या माइनक्राफ्टसारख्या गेमची गोष्ट वेगळी.

एकदाच फॉरमॅट मारायचा असेल तरी कायमचं हलवायची गरज नाही. सेव्हची कॉपी काढा, नवं विंडोज टाका, कॉपी जागेवर ठेवा. तेवढ्यासाठी खालचे पहिले तीन टप्पे पुरतात. ज्यांचा सी ड्राइव्ह छोटा आहे, ज्यांचं विंडोज वरचेवर बिघडतं किंवा ज्यांना सगळे सेव्ह एका जागी हवेत, त्यांनी पूर्ण वाचावं.

## टप्पा १: सेव्ह कुठे आहे ते शोधा

फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून लपलेल्या फाइल दिसतील असं करा. अ‍ॅपडेटा हे फोल्डर मुळात लपलेलं असतं. ते न दिसल्यामुळे "माझ्याकडे सेव्हच नाही" म्हणणारे खूप भेटतात.

यूजर फोल्डरमधल्या नेहमीच्या जागा अशा:

- डॉक्युमेंट्स, आणि त्यातलं माय गेम्स. 'स्कायरिम', 'फॉलआउट ४', 'टेरारिया' यांचे सेव्ह माय गेम्समध्ये. 'विचर ३' आणि 'जीटीए ५' डॉक्युमेंट्समध्येच, पण आपापल्या फोल्डरात. 'जीटीए'चं फोल्डर रॉकस्टार गेम्स या नावाखाली सापडेल.
- सेव्ह्ड गेम्स. 'सायबरपंक २०७७' इथे, सीडी प्रोजेक्ट रेड नावाच्या फोल्डरात.
- अ‍ॅपडेटामधलं रोमिंग. 'एल्डन रिंग', 'स्टारड्यू व्हॅली' आणि माइनक्राफ्टची जावा आवृत्ती.
- अ‍ॅपडेटामधलं लोकल-लो. युनिटी इंजिनावरचे बरेच गेम इथे सापडतात, 'हॉलो नाइट' त्यातलाच.

काही सेव्ह यूजर फोल्डरच्या बाहेर असतात. स्टीमच्या स्वतःच्या फोल्डरात 'यूजरडेटा' असतं. युबिसॉफ्टचे गेम आपल्या लाँचरच्या (स्टीमसारखं गेम सुरू करून देणारं अ‍ॅप) फोल्डरात 'सेव्हगेम्स'मध्ये लिहितात. आणि एक्सबॉक्स अ‍ॅपमधून घेतलेले गेम अ‍ॅपडेटाच्या 'लोकल › पॅकेजेस'मध्ये अशा नावांच्या फाइल ठेवतात की त्यावरून काहीच कळत नाही.

सावध: एक्सबॉक्स अ‍ॅपच्या फाइल आणि स्टीमचं यूजरडेटा यांची कॉपी जरूर काढा, पण ती हलवू नका. त्यांचा हिशोब ते अ‍ॅप स्वतः ठेवतं. आपण मध्ये हात घातला की तो हिशोब बिघडतो.

गेम सापडेना तर पीसी गेमिंग विकी या संकेतस्थळावर गेमचं नाव टाका. सेव्हची जागा तिथे गेमनिहाय दिलेली असते.

तपासा: सापडलेल्या फोल्डरातल्या फाइलची तारीख बघा. काल रात्री खेळला असाल तर कालची तारीख दिसायला हवी. दोन वर्षांपूर्वीची दिसली तर ते चुकीचं किंवा जुनं फोल्डर आहे. अजून शोधा.

## टप्पा २: तयारी

लोक हाच टप्पा गाळतात आणि माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच सापडलं.

१. गेम एकदा सुरू करा, नवा सेव्ह करा, बाहेर पडा. क्लाउडला, म्हणजे स्टीमसारखी अ‍ॅप सेव्हची एक प्रत इंटरनेटवर ठेवतात तिथे, फाइल पोचू दे.

२. त्या गेमचं क्लाउड तात्पुरतं बंद करा. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'जनरल', तिथे स्टीम क्लाउडची खूण काढा. हे केलं नाही आणि मधल्या काळात गेम रिकामं फोल्डर घेऊन सुरू झाला, तर कोणता सेव्ह खरा यावरून पीसी आणि क्लाउड यांच्यात गोंधळ होतो.

३. लाँचर पूर्ण बंद करा. खिडकीची फुली दाबून स्टीम बंद होत नाही. घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हावर राइट क्लिक करून 'एक्झिट' म्हणा.

४. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फाइल इंटरनेटवर ठेवायची सोय, बघा. डॉक्युमेंट्स उघडा आणि वरच्या पत्त्यात वनड्राइव्ह लिहिलंय का पाहा. असेल तर तुमचे 'माय गेम्स' आधीच वनड्राइव्हच्या ताब्यात आहेत. फाइलपुढे ढगाचं चिन्ह दिसत असेल तर ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच. फोल्डरवर राइट क्लिक करून ती कायम या पीसीवर ठेवा असं सांगा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा. मग वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून डॉक्युमेंट्सचा बॅकअप बंद करा. बंद केल्यावर फाइल वनड्राइव्हच्याच फोल्डरात राहू शकतात. तसं झालं तर घाबरू नका, तिथूनच कॉपी घ्या.

५. नवी जागा तयार करा. डी ड्राइव्हवर एक फोल्डर काढा, त्यात प्रत्येक गेमचं वेगळं. नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि मध्ये मोकळी जागा सोडू नका. आपल्या भाषेत नाव द्यावंसं मलाही वाटतं, पण काही गेमना, विशेषतः जुन्या, पत्त्यातली देवनागरी अक्षरं वाचता येत नाहीत आणि ते सेव्ह करायचं नाकारतात.

६. शक्यतो पीसीच्या आतला ड्राइव्ह घ्या आणि तो एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची नेहमीची पद्धत) असू दे. ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये बघता येतं. पेनड्राइव्ह कायमच्या जागेसाठी नको. बाहेरची हार्ड डिस्क वापरायचीच असेल तर 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये तिला ठरावीक अक्षर द्या. आज ई, उद्या एफ असं झालं की गेमला सेव्ह सापडत नाही.

सावध: पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएस नसेल तर पुढचं काम आभाळ मोकळं असताना करा. लॅपटॉप असेल तर आधी चार्ज करून घ्या.

## टप्पा ३: कॉपी करा, कट नको

'कट' करून 'पेस्ट' करू नका. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट केलं की विंडोज फाइल तिकडे नेत जातं आणि इकडच्या पुसत जातं. मध्येच लाईट गेली की अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. माझ्या स्वतःच्या पीसीवर हे झालंय. फाइल सगळ्या सापडल्या, पण एक अर्धवट लिहिली गेली होती आणि नेमकी तीच गेमला लागत होती.

म्हणून सेव्हचं पूर्ण फोल्डर कॉपी करून नव्या जागी पेस्ट करा. एखादीच फाइल उचलू नका. सेव्हच्या शेजारी सेटिंग्जच्या, प्रोफाइलच्या फाइल असतात, त्या नसल्या तर काही गेम सेव्ह ओळखत नाहीत.

तपासा: जुन्या आणि नव्या दोन्ही फोल्डरांवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा. फाइलची संख्या, फोल्डरांची संख्या आणि 'साइज' तंतोतंत सारखी हवी. त्याखालचा 'साइज ऑन डिस्क' हा आकडा ड्राइव्हप्रमाणे वेगळा येऊ शकतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. फक्त फॉरमॅटसाठी कॉपी हवी असेल तर तुमचं काम इथे संपलं. एक कॉपी पेनड्राइव्हवरही घ्या आणि फॉरमॅट मारणाऱ्याला नक्की कोणता ड्राइव्ह पुसायचा ते कागदावर लिहून द्या. क्लाउड बंद केलेलं आहे, तेही लक्षात असू दे.

## टप्पा ४: गेमला नवा पत्ता सांगा

फाइल नेल्या म्हणजे गेमला ते कळलं असं नाही. तो जुन्याच जागी शोधणार. पत्ता सांगायच्या तीन पद्धती आहेत. वरून खाली जा, जी लागू पडेल तिथे थांबा.

पहिली: गेमची स्वतःची सोय. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत लाँचरमधल्या 'इन्स्टॉलेशन्स'मध्ये 'गेम डिरेक्टरी' बदलता येते. रोमिंगमधलं माइनक्राफ्टचं फोल्डर, ज्यात 'सेव्ह्ज' आहे, तसंच्या तसं नव्या जागी असेल तर तोच पत्ता द्या. नुसत्या 'सेव्ह्ज'चा पत्ता दिलात तर गेम त्याच्या आत आणखी एक 'सेव्ह्ज' काढेल आणि जगांची यादी रिकामी दिसेल. अशी सोय फार थोड्या गेममध्ये असते, पण असेल तर दुसरं काही करू नका.

दुसरी: लोकेशन टॅब. डॉक्युमेंट्स आणि सेव्ह्ड गेम्स ही पूर्ण फोल्डरं विंडोज स्वतः हलवून देतं. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन', 'मूव्ह'. ज्यांचे बहुतेक गेम डॉक्युमेंट्समध्ये आहेत त्यांना ही पद्धत सोपी, फक्त त्याबरोबर तुमची बाकीची कागदपत्रंही जातील.

सावध: जागा निवडताना नुसता डी ड्राइव्ह निवडू नका. आधी त्यावर डॉक्युमेंट्स नावाचं फोल्डर काढा आणि ते निवडा. नुसता ड्राइव्ह दिलात तर विंडोज अख्ख्या डी ड्राइव्हलाच डॉक्युमेंट्स समजतं आणि ते पूर्ववत करताना नाकी नऊ येतात. आणि दोन वेगळ्या फोल्डरांना एकच जागा कधीही देऊ नका.

अ‍ॅपडेटाला हा टॅब नाही, आणि अख्खं अ‍ॅपडेटा हलवायच्या फंदात पडूही नका. त्यात पीसीवरच्या प्रत्येक प्रोग्रामचा संसार असतो. त्यातल्या एकेका गेमसाठी तिसरी पद्धत.

तिसरी: जंक्शन लिंक. जुन्या जागी एक असं फोल्डर बसवायचं की गेमला ते खरं वाटेल, पण आत लिहिलेलं सगळं डी ड्राइव्हवर जाईल. डेस्कटॉपवर असतो तो शॉर्टकट यासाठी चालत नाही. शॉर्टकट माणसाला कळतो, गेमला नाही. अनेक जण इथेच अडकतात.

क्रम असा:

१. नोटपॅड उघडा. जुन्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉपी अ‍ॅज पाथ' म्हणा आणि पेस्ट करा. विंडोज १०मध्ये हा पर्याय दिसायला शिफ्ट दाबून राइट क्लिक करावं लागतं. मग एक मोकळी जागा सोडून नव्या फोल्डरचा पत्ता तसाच पेस्ट करा. दोन्ही पत्ते अवतरणचिन्हांसकट येतात, ती काढू नका. आधी जुना पत्ता, मग नवा. हा क्रम उलटा झाला तर लिंक भलत्याच जागी बनवायचा प्रयत्न होतो.

२. त्या ओळीच्या सुरुवातीला आज्ञा लिहा: इंग्रजी एम, के, एल, आय, एन, के ही सहा अक्षरं सलग, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून जे, पुन्हा मोकळी जागा. तिरकी रेघ प्रश्नचिन्हाच्या कळीवरची. ही नोटपॅडची फाइल डी ड्राइव्हवरच्या सेव्हच्या फोल्डरात ठेवून द्या.

३. आता जुन्या फोल्डरचं नाव बदला. शेवटी 'ओल्ड' जोडा. डिलीट करू नका. या सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी नाव परत बदललं की सगळं पहिल्यासारखं होतं.

४. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. निळ्या पॉवरशेलमध्ये ही आज्ञा चालत नाही, कारण ती कमांड प्रॉम्प्टच्या आतलीच आहे. पॉवरशेलच उघडलं गेलं तर त्यात सीएमडी लिहून एंटर दाबा, काम होईल. अ‍ॅडमिन म्हणून उघडायची गरज नाही. नोटपॅडमधली ओळ पेस्ट करा, एंटर.

'जंक्शन क्रिएटेड' असं उत्तर आलं की लिंक बनली. 'फाइल आधीच आहे' अशा अर्थाचं आलं तर जुन्या फोल्डरचं नाव बदलायचं राहिलंय. 'लोकल व्हॉल्यूम्स' हवेत असं आलं तर तुम्ही नेटवर्कवरचा ड्राइव्ह दिलाय, जंक्शन तिथे चालत नाही.

लिंक नेहमी फोल्डरची करा, एकट्या सेव्ह फाइलची नको. पुष्कळ गेम सेव्ह करताना नवी फाइल लिहितात आणि जुनीच्या जागी बसवतात. फाइलची लिंक अशा वेळी पुसली जाते आणि तुमच्या लक्षातही येत नाही.

## टप्पा ५: गेम उघडण्याआधीची परीक्षा

'क्रिएटेड' उत्तर आलं म्हणजे सगळं बरोबर झालं असं नाही. नव्या पत्त्यात एक अक्षर चुकलं तरी ही आज्ञा लिंक बनवून मोकळी होते, कारण समोर फोल्डर खरंच आहे का ते ती बघत नाही.

- जुन्या जागी जा. फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण दिसायला हवा. ते उघडून आत सेव्ह फाइल दिसतात का बघा.
- तिथे एक रिकामी टेक्स्ट फाइल बनवा. आता डी ड्राइव्हवरचं फोल्डर थेट उघडा. ती फाइल तिथे दिसली की लिंक खरी. मग ती पुसा.
- क्लाउड बंद ठेवूनच गेम सुरू करा. जुना सेव्ह लोड करा, थोडं खेळा, वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करा, बाहेर पडा.
- डी ड्राइव्हवर त्या फाइलची वेळ आत्ताची आहे का पाहा.

गेमनं सेव्ह करायला नकार दिला तर 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये रॅन्समवेअर संरक्षणाखालचं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू आहे का बघा. ते चालू असेल तर त्या गेमला परवानगी द्यावी लागते.

चारही गोष्टी जमल्या की क्लाउड पुन्हा चालू करा. स्टीमनं "पीसीवरची फाइल ठेवू की क्लाउडमधली?" असं विचारलं तर घाईनं उत्तर देऊ नका. दोन्हींच्या पुढे वेळ दिलेली असते. नुकताच खेळलेला सेव्ह पीसीवर आहे, म्हणून बहुधा पीसीवरचीच फाइल निवडायची असते, पण वेळ वाचूनच निवडा. इथे चुकीचं बटण दाबलं की नवा सेव्ह जुन्यानं झाकला जातो. 'ओल्ड' फोल्डर अजून ठेवलंय ते अशाच प्रसंगासाठी.

## टप्पा ६: आवराआवर

'ओल्ड' फोल्डर निदान आठवडाभर राहू दे. रोजच्यासारखं खेळा, पीसी दोन-चारदा बंद-चालू होऊ दे. मगच ते पुसा.

लिंक म्हणजे बॅकअप नव्हे. आता तुमचा सेव्ह एकाच जागी आहे, डी ड्राइव्हवर. तो ड्राइव्ह गेला की सेव्हही गेला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या पुरात पाणी घरात शिरलं तेव्हा एकाच सीपीयूमधले सी आणि डी दोन्ही एकदम भिजले. नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की सीपीयू माळ्यावर न्यायच्या आधी डी ड्राइव्हवरचं ते एक फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावं आणि पेनड्राइव्ह स्वतःजवळ ठेवावा. सगळं एका जागी आणल्याचा खरा फायदा हाच, दहा ठिकाणी शोधावं लागत नाही.

## लिंक काढायची असेल तर

गेम आणि लाँचर बंद करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आर आणि डी ही दोन अक्षरं सलग, मोकळी जागा आणि जुन्या जागेचा पत्ता अवतरणचिन्हांत. एवढ्यानं फक्त लिंक जाते, डी ड्राइव्हवरच्या फाइल राहतात. पुढे आणखी कोणतंही अक्षर जोडू नका. मग डी ड्राइव्हवरचं फोल्डर जुन्या जागी कॉपी करा.

सावध: लिंकचं फोल्डर उघडून आतल्या फाइल निवडून पुसू नका. त्या खऱ्या फाइल आहेत.

## नवं विंडोज टाकल्यावर

फॉरमॅटमध्ये लिंक जाते, सेव्ह राहतात. गेम पहिल्यांदा सुरू करण्याआधी लिंक पुन्हा बनवा. चुकून आधीच सुरू केला असेल तर गेमनं जुन्या जागी नवं, कोरं फोल्डर काढलेलं असेल. त्याचं नाव बदला, मग लिंक करा.

डी ड्राइव्हवर ठेवलेली नोटपॅडची फाइल आता उघडा. मात्र ओळ डोळे मिटून पेस्ट करू नका. मायक्रोसॉफ्ट खात्यानं विंडोज सुरू केलं असेल तर यूजर फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडतं आणि ते तुमच्या आधीच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं. सी ड्राइव्हवर यूजर्स उघडून नवं नाव बघा, नोटपॅडमधल्या पहिल्या पत्त्यात तेवढं बदला, ड्राइव्हचं अक्षर अजून डीच आहे ना तेही बघून घ्या. मग आज्ञा द्या आणि टप्पा ५ पुन्हा पहिल्यापासून करा.